दोन आत्या, एक साडी : चित्रमालिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०१९, अश्दोद (इस्रायल)

मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. जूनमध्ये लोदच्या मतनासचा, म्हणजे तिथल्या समाजकेंद्राचा, हॉल मिळतोय. चित्रं लावायची, विषय आपलाच : बेने इस्रायल, म्हणजे आपण मराठी ज्यू, कोकणातले आणि इकडचे. काय हवंय तेही त्यांनी सांगून टाकलं. "एका बाजूला नारळाचं झाड, दुसऱ्या बाजूला मेनोरा (ज्यूंचा सात शाखांचा दिवा), मधे नऊवारीतली बाई. लोकांना लांबून कळलं पाहिजे, काय?"

बघते म्हटलं.

असली चित्रं इकडे पुष्कळ होतात आणि खपतातही. त्यात रंगकाम वाईट असतं असं नाही. पण त्या चित्रातली बाई जिथे उभी आहे तिथे आमच्यापैकी कुणी कधी राहिलेलं नाही. ठाण्याच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी आई काचेचा टांगता दिवा लावायची. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा नारळावरच जळत होता. नारळ आणि दिवा एकाच भांड्यात असताना त्यांच्यामध्ये बाई उभी करून दोघांची ओळख कशाला करून द्यायची?

तेव्हा माझं ठरलं : एका चित्रात एकच वस्तू किंवा एकच फोटो. घरात होती, वापरात होती, हे सांगणारं कुणी तरी हयात असेल तरच घ्यायची. जोडकाम नाही. पहिलं चित्र दिव्याचं.

माध्यम ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. तैलरंग या फ्लॅटमध्ये नको, वासाने शेजारी दार वाजवतात. खरं तर तैलरंग हा आमचा खानदानी धंदा म्हणायला हरकत नव्हती. कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून. पण खोबरेल चित्राला कामाचं नाही, ते वाळतच नाही. त्याला जवसाचंच तेल लागतं.

२१ जानेवारी

तू बिश्वात, म्हणजे झाडांचं नवं वर्ष. खालच्या मजल्यावर मलिदा, म्हणजे आमच्यातला आशीर्वादाच्या ताटाचा विधी, होता. सकाळीच स्केचबुक घेऊन गेले, कारण आशीर्वाद म्हणून झाले की ताट दहा मिनिटं टिकत नाही.

ताटाची मांडणी लिहून ठेवते. मधे भिजवलेल्या पोह्यांचा ढीग : ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-पिस्ते. भोवती फळं : केळी, सफरचंद, संत्री, खजूर, द्राक्षं. बाजूला गुलाब आणि सब्जाची काडी. मांडणी शोभेची नसते. झाडाच्या फळावर एक आशीर्वाद, जमिनीतून येणाऱ्यावर दुसरा (केळं त्यात मोडतं, कारण केळ हे झाड धरत नाहीत), पोह्यांवर तिसरा, सुवासावर चौथा. म्हणणाऱ्याचा हात ज्याच्यावर जाईल ते पुढे हवं. गुलाब मागे गेला असता तर आजोबांनी ताट फिरवून घेतलं असतं.

पोहे रामलेच्या भारतीय दुकानातले, केळी इथली, खजूर इथला. गूळ की साखर यावर दरवर्षीप्रमाणे वाद झाला. माझ्या माहेरी साखर.

रंगवायला घेतलं तेव्हा खरी अडचण कळली, ती पांढऱ्याची. पोहे पांढरे, खोबरं पांढरं, स्टीलचं ताट खिडकीसमोर तेही पांढरं. पोह्यांत जरा येलो ऑकर घातला, खोबऱ्याला निळसर ठेवलं, ताटाला राखाडी. खोबरं ओलं दिसायला कडेला अगदी बारीक थंड सावली लागते. ती जाड झाली की त्याचा साबण होतो. संध्याकाळपर्यंत खोबरं जमलं. पिस्त्यांचा हिरवा सगळ्यात शेवटी, आणि मोजकाच.

३ फेब्रुवारी

आज आजी-आजोबांचा फोटो काढला. मागे शाईने '१९३८, मुंबई'. स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, कठडा आणि कुठल्याशा राजवाड्याची बाग. आजोबा खुर्चीत, कोट आणि काळी टोपी. आजी उभी, नऊवारी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. गळ्यात काळी पोत, हातात चुडा, कपाळ मोकळं. साडी गडद, काठ फिका.

हे मोठं करायचं, कागद अर्धा इम्पीरियल, साधारण २२ बाय १५ इंच. मालिकेतलं मुख्य चित्र हेच. आणि ते रंगीत करायचं, कारण आजी काळी-पांढरी नव्हती.

पण साडीचा रंग कोणता? बाबा गेले, त्यांना विचारायची सोय नाही. दोन्ही आत्या आहेत. थोरली दिमोनाला, धाकटी लोदला.

त्याआधी फोटो स्वतः काय सांगतो ते बघून घेतलं. त्या काळच्या साध्या स्टुडिओत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट किंवा फिल्म सर्रास असायची. तिला लाल दिसत नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. लाल वस्तू छापात जवळजवळ काळी उतरते, निळी बरीच फिकी पडते, हिरवी मधे कुठे तरी. जुन्या फोटोंतले गोरे लोक सावळे आणि ओठ काळे दिसतात ते याच कारणाने. म्हणजे काळी दिसते म्हणून साडी चंद्रकळा असेलच असं नाही. लालही असू शकते.

भिंग लावून चुडा पाहिला. चुडा हिरवा असणार यात शंका नाही, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. बांगड्यांचा करडा साडीच्या करड्यापेक्षा बराच उजळ आहे. काच चमकते हे धरलं तरी सावलीतल्या बांगड्याही उजळच. म्हणजे साडी निदान चुड्याच्या हिरव्याची तरी नाही. इथवर फोटो बोलतो. पुढचं आत्यांनी सांगायचं.

१४ फेब्रुवारी, दिमोना

बेरशेवाला बस बदलून गेले. बेरशेवा सोडलं की खिडकीत दोनच रंग उरतात, मातीचा आणि आभाळाचा.

थोरली आत्या दारातच म्हणाली, "जेवून आलीस असं सांगू नको." माशाची आमटी होती, नारळाच्या दुधातली. ती इकडे १९६३ला आली. रात्री ट्रकमधून उतरवलं तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, गाव कुठाय? हेच गाव होतं. लोखंडी खाटा, गाद्या, एक स्टोव्ह, आणि दाराबाहेर वाळू.

फोटो हातात दिला. चष्मा न लावताच म्हणाली, "डाळिंबी."

"नक्की?"

"अगं, मी त्या साडीत झोपलेय. फाटली तेव्हा आईने तिची गोधडी केली. वरचा थर डाळिंबी आणि काठाची पट्टी मधोमध उभी. मला थंडी वाजली की मी काठ हनुवटीखाली घ्यायची, तो जरा खरखरीत होता."

काठ कसला होता, जरीचा? जर नव्हती म्हणाली, पिवळं रेशीम. हे मला महत्त्वाचं. पिवळा ऑर्थोवर खरं तर गडद उतरायला हवा, आणि फोटोतला काठ फिका आहे. पण नवं रेशीम चकाकतं, आणि स्टुडिओचा उजेड एका बाजूने येतोय. पिवळ्याला वाव आहे.

जेवणानंतर गोष्ट १९६४वर गेली, जाणारच होती. इथल्या मुख्य धर्मगुरूंच्या १९६२ सालच्या आदेशाप्रमाणे आमच्या मुलामुलींनी दुसऱ्या ज्यूंशी लग्न करायचं तर आई, आजी, तिच्याही पलीकडे चौकशी व्हायची. आम्ही पुरते ज्यू आहोत की नाही ते ठरवायला. १९६४च्या उन्हाळ्यात आमचे लोक जेरुसलेमला जाऊन ज्यूइश एजन्सीच्या, म्हणजे ज्यूंना इस्रायलला आणून वसवणाऱ्या संस्थेच्या, इमारतीसमोर बसले, बायकापोरांसकट. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत. आत्या त्या बसलेल्यांत होती, कडेवर पोर घेऊन. "कोकणात दोन हजार वर्षं कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून. तेली म्हणाले, बस. इथे आलो तर आजीची कागदपत्रं आणा म्हणे. कुठली आणू? गोधडी आणू?"

तिचे हात काढले. वाटाणे सोलत होती. अंगठ्याचं नख शेंगेच्या शिवणीत घालून एका झटक्यात उघडते, दाणे तळव्यातून खाली, आणि साल मागे न बघता डाव्या बाजूला. चांगली रेखाटनं मिळाली. मालिकेत हात घ्यायचेच.

१७ फेब्रुवारी

लोदच्या आत्याला फोन केला. रंग विचारला. दिमोनाचं उत्तर सांगितलं नव्हतं.

"हिरवी. गर्द हिरवी."

मग सांगितलं.

"ती? तिला काय आठवतंय. ती गोधडी दोन साड्यांची होती. डाळिंबी काकीची, हिरवी आईची. मी आतल्या बाजूने झोपायची, मला माहीत."

ऑर्थोक्रोमॅटिकचं सांगून पाहिलं, चुड्याचंही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा तो कॅमेरा आमच्या आईला ओळखत होता का?"

गोधडीचं काय झालं ते दोघींनाही माहीत नाही. आईकडे ठाण्याला होती, एवढं दोघींना मान्य. आमच्याकडे मी तरी पाहिलेली नाही.

२८ फेब्रुवारी, जेरुसलेम

इस्रायल म्युझियम. कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराचं, आतलं लाकूडकाम इथे आणून उभं केलंय. कोरीव छत, कमळं. वर बघून मान दुखते. आमच्याकडे असलं काही नाही. आमची कोकणातली सिनेगॉगं बाहेरून मोठ्या घरासारखी, कौलारू, आत बाकं आणि हंड्या. म्युझियमला न्यायला आमच्याकडे भारी वस्तू कमीच. गोधड्या आणि बरण्या आहेत.

येताना बसमध्ये सियोना बेंजामिनच्या चित्रांचा विचार. मुंबईत जन्मलेली बेने इस्रायल चित्रकार, राहते न्यू जर्सीत. तिच्या बायका निळ्या कातडीच्या. लघुचित्रांसारखं बारीक ग्वाशकाम, सोन्याचा वर्ख, तोरा या आमच्या धर्मग्रंथातल्या नायिका आणि त्यांना हिंदू देवतांसारखे चार-चार हात. फुलब्राइट मिळवून भारतात आली आणि उरलेल्या बेने इस्रायल माणसांच्या चेहऱ्यांची मालिका तिने केली. मला ती फार आवडते. निळा रंग वापरून तिने तो 'कुठली तू?' हा प्रश्नच विचारणाऱ्याच्या अंगावर उलटवला : निळं माणूस कुठल्याच देशाचं नाही. पण ती पुराणाकडे जाते, मला अल्बममध्येच राहायचंय. आजी निळी करून माझं भागणार नाही. माझ्या अंगावर दोन आत्या बसतील.

चित्रकारांपैकी सूझा लंडनला गेला १९४९ला, रझा पॅरिसला १९५०ला. सूझाच्या चित्रांत गोव्यातलं चर्च रागावून येत राहिलं, रझा कित्येक वर्षं फ्रान्सची निसर्गचित्रं करून मग बिंदूपाशी आला. दोघांचीही मोठ्या माणसांची मोठी चित्रं. आमच्यासारख्यांना त्यातून उचलण्यासारखी गोष्ट एकच : घाई नाही.

२० मार्च, अलिबाग

भाचीच्या साखरपुड्यासाठी ठाण्याला आले होते, दोन दिवस काढून इकडे. गेटवेहून मांडव्याची लाँच, पुढे बस.

रंगांची वही घेऊन आले ती कोकणचा हिरवा टिपायला. दिमोनात, लोदमध्ये, जो म्हातारा माणूस भेटेल तो म्हणतो, आमचं गाव हिरवंगार. मार्चमध्ये येऊन बघावं. भातखाचरं उघडी पडलेली, गवत पिवळं पडून वाळलेलं, ठिकठिकाणी राब भाजून केलेले काळे चौकोन. नवगावच्या वाटेवर बसून टेकडीचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला : रॉ सिएना, थोडा बर्न्ट अंबर, सावलीला अल्ट्रामरीन. मग वही मागे उलटून दिमोनाच्या बसमधलं पान काढलं. तेच तीन रंग. प्रमाण जरा वेगळं. हिरवे होते ते माड आणि आंबे, बाकी डोंगर नेगेवचाच, दिमोनाकडच्या वाळवंटाचाच, भाऊ.

वाळण्याचा वेळ मात्र वेगळा. दिमोनात वॉशची कड ब्रश उचलायच्या आत बसते. इथे खाडीच्या हवेत पान बराच वेळ ओलं राहिलं, रंग हळूहळू एकमेकांत गेले. कुणी चित्र ओळखायला दिलं तर ते कुठे केलंय हे मी रंगावरून सांगणार नाही, कडांवरून सांगेन.

नवगावला दफनभूमी पाहिली. जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना इथे पुरलं, अशी आमची गोष्ट. पुढे अलिबागजवळच्याच खंडाळ्याला 'एलियाहू हनाबीचा टापा' : खडकावर या प्रेषिताच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. नवस फेडायला अजून लोक येतात, इस्रायलहूनही. खडकाचं रेखाटन केलं. बेसॉल्ट चित्राला फार सोयीचा दगड नाही, सगळा एकाच करड्यात. टापेच्या खळग्यात कुणी तरी वाहिलेल्या फुलांच्या पाकळ्या होत्या, तेवढाच रंग.

रात्र. आज पुरिमची, म्हणजे एस्तेर राणीने ज्यूंना वाचवलं त्या सणाची, संध्याकाळ, आणि होळीही आजच. आमच्या जुन्या बायका पुरिमला 'होळीचा सण'च म्हणायच्या. त्या दोन्ही गोष्टी एकाच रात्री मी पहिल्यांदाच पाहिल्या. इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये एस्तेरचं पुस्तक वाचलं गेलं. आत्ताची इमारत १९१०ची. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरायला वेळ लागला, एक जण फोन करून थळहून बोलावला. भारतभर आम्ही आता पाच हजारांच्या आत आहोत, १९४८च्या सुमारास वीस हजार होतो. वाचताना हामानचं, ज्यूंना मारायला निघालेल्या त्या दुष्टाचं, नाव आलं की पाय आपटायचे, फळी वाजवायची. बाहेर आळीच्या तोंडाशी होळी पेटत होती आणि तिथेही बोंबा. आतल्या पोरांना दोन्हीकडे जायचं होतं. एक पोरगा हामानपुरता आत येई आणि परत बाहेर पळे. त्याचं उभं-धावतं स्केच, दारात, एक पाय उंबऱ्याबाहेर. चप्पल बाहेरच्या पायात नाही.

हे चित्र होईल. सेक्रेटरींना हवं ते दोन्ही बाजूंचं चित्र हेच, पण त्यात झाड नाही आणि मेनोराही नाही.

१४ एप्रिल, अश्दोद

पासोवरची, म्हणजे आंबवलेलं न खाण्याच्या सणाची, आवराआवर, त्यातून वेळ काढून काम.

सणाचं चित्र म्हणून झाकलेली बरणी घेतली. याला आमच्यात 'अनाशी धाकाचा सण' म्हणत. वर्षभर आंबवणाची बरणी चालू असायची, ती या आठ दिवसांत झाकून ठेवायची. आईची बरणी मला आठवते : पांढरी, तोंडाला तपकिरी पट्टा, वर सुती फडकं आणि दोरा. फडक्याच्या चुण्या दोऱ्याखाली जातात तिथे सावली जवळजवळ जांभळी येते. आकार लहान, पोस्टकार्डाएवढा. मालिकेतली सगळीच चित्रं लहान होत चालली आहेत, आजीचं सोडून.

साडीचं ठरवलं. दोन चित्रं करायची. रेखाटन एकच, ट्रेसिंगने दोन कागदांवर उतरवायचं. चेहरा, पडदा, आजोबा, काळी पोत सगळं सारखं. एकीत डाळिंबी, एकीत हिरवी. सुवर्णमध्य म्हणून धूपछाँव साडी काढावी असंही मनात आलं, ताणा लाल आणि बाणा हिरवा. दोघी खूश झाल्या असत्या. पण तशी साडी होती असं दोघींपैकी कुणीच म्हणत नाही. मग ती माझी साडी झाली असती, आजीची नाही.

डाळिंबीसाठी ॲलिझरीन क्रिमझन हाताशी होता, तो बाजूला ठेवला. उजेडात उडतो, आणि हे चित्र कुठल्या तरी दिवाणखान्यात उन्हासमोर लागणार हे नक्की. त्याजागी क्विनॅक्रिडोन, त्यात बर्न्ट सिएना आणि चुणीच्या आत अल्ट्रामरीनचा थेंब. हिरव्यासाठी व्हिरिडियन मारून घ्यावा लागतो, नाही तर रंगवलेल्या खिडकीसारखा दिसतो. त्यातही बर्न्ट सिएनाच. दोन्ही साड्यांत खाली एकच माती आहे, हे वरून कळणार नाही.

ग्वाश वाळला की टोन सरकतो : गडद जरा उजळतो, फिका जरा गडद होतो. डाळिंबी वाळल्यावर गुलाबीकडे झुकली, दुसरा थर द्यावा लागला. काठाचं पिवळं रेशीम दोन्हीकडे ठेवलं. धाकट्या आत्यालाही काठ पिवळाच आठवतो. एवढ्यावर तरी एकमत.

१२ मे

हातांची चित्रं पूर्ण. वाटाणे सोलणारे, वात वळणारे, पोहे निवडणारे. चेहरे नाहीत. दिमोनाच्या आत्याने व्हॉट्सॲपवर पाहून कळवलं : "नख मोठं काढलंयस." खरंच तिचं नख तेवढं आहे. मी बदलणार नाही.

मंडळाकडून एक तरुण मुलगी मदतीला येते, इथेच जन्मलेली, मराठी ऐकून कळतं पण वाचता येत नाही. आजीचं चित्र बघून म्हणाली, "कुंकू राहिलं." तिने मराठी बाई पाहिलीय ती मालिकांमध्ये, आणि तिथे कुंकू असतंच. आमच्या बायका पोत घालत, चुडा भरत, कुंकू लावत नसत. बाजारात, विहिरीवर, आगगाडीत आजीला ओळखायचे ते त्या मोकळ्या कपाळावरून. कपाळ रंगवायला मला साडीइतकाच वेळ लागलाय, आणि बघणाऱ्याला ते राहून गेलेलं वाटतं. चालेल. कपाळावर उजेड थोडा वाढवला, नजर तिथे थांबावी म्हणून.

पाट्या मराठीत आणि हिब्रूत. आधी मला नुसत्या मराठीत हव्या होत्या. त्या मुलीने विचारलं, मग मी काय वाचू? बरोबर आहे. साडीच्या दोन चित्रांखाली शीर्षक एकच, 'आजी-आजोबा, १९३८', आणि खाली 'थोरल्या मुलीच्या सांगण्यावरून' व 'धाकट्या मुलीच्या सांगण्यावरून'. फोटोची छोटी प्रत मधे लावायची.

सेक्रेटरी येऊन बघून गेले. पुरिमच्या पोरासमोर थांबले बराच वेळ. मग म्हणाले, "झाड नाही काढलंत ते." मी दिव्याकडे बोट केलं. म्हणाले, "हे तेल आहे." मी हो म्हटलं.

३० मे

फ्रेमा आल्या. काच चकाकणारी दिली आहे, सांगितली होती मॅट. बदलायला वेळ नाही. दिवे जरा तिरके लावू.

१६ जून, लोद

सकाळी टांगणी, संध्याकाळी उघडलं. दिमोनाहून मिनीबस भरून आली.

मलिद्याच्या ताटासमोर गर्दी सगळ्यात जास्त, कारण तिथे बोलायला सगळ्यांना येतं. गुलाब उजवीकडे हवा. आमच्याकडे डाळिंब पण ठेवतात. हे पोहे जाडे आहेत का? पोहे जाडेच आहेत. नेगेव आणि नवगाव या दोन टेकड्या शेजारी लावल्या होत्या, पाट्या मुद्दाम खाली. बऱ्याच जणांनी अलिबागला दिमोना म्हटलं. एक म्हातारे गृहस्थ मात्र लांबूनच म्हणाले, हे आमच्याकडचं. कसं ओळखलंत विचारलं, तर म्हणाले, "ते काळे चौकोन. राब आहे तो. मी भाजलाय."

साडीपाशी भांडण झालंच. दोन्ही आत्या, मधे फोटो, मागे त्यांची मुलं-सुना आणि ज्यांचा काही संबंध नाही अशी दहा-बारा माणसं. तिथे गट पडले. नवीन माहिती एवढीच निघाली की काकीचीही एक साडी त्याच दुकानातून आली होती, पण कुठली ते कोण सांगणार. एका बाईंनी स्वतःच्या आईचा फोटो पर्समधून काढला आणि ही पण करून द्या, साडी मोरपंखी होती, म्हणून सांगितलं. घेऊन ठेवलाय. मोरपंखी ऑर्थोवर बऱ्यापैकी उजळ यायला हवी, आणि फोटोतली साडी उजळ आहे. या बाईंची आठवण फोटोशी जुळते.

चित्रं आत्यांना द्यायची असं मी आधीच ठरवलं होतं, ज्याची त्याला. लोदची आत्या हॉल बंद करताना आली आणि म्हणाली, मला डाळिंबी दे.

"तुझी तर हिरवी ना?"

"रंग चुकलाय तो चुकलाच आहे. पण हिरवीत तू खुर्चीवरचा हात नीट नाही काढलास. डाळिंबीतला हात आईचा आहे."

रेखाटन एकच आहे, ट्रेस केलेलं, हे मी तिला सांगितलं नाही. रंगवताना बोटांत फरक पडला असणारच.

दिमोनाच्या आत्याला विचारलं, मग हिरवी तुझ्याकडे पाठवू का? "मला काय करायचीय हिरवी? ती काकीची." तेव्हा हिरवी माझ्याकडे. दिमोनासाठी डाळिंबी पुन्हा करायला घ्यायची आहे, या वेळी मॅट काचेत, आणि त्याआधी मोरपंखी.